कागदाची साक्ष

समर्थ रामदासांनी दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, शाई काळीभोर असावी, ओळ सरळ जावी आणि ग्रंथाच्या आरंभीचे वळण शेवटपर्यंत टिकावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. लेखनिकाला हा उपदेश योग्यच होय. पण न्यायालयात वादग्रस्त कागद तपासणाऱ्या माणसासमोर असे तंतोतंत एकसारखे अक्षर आले, तर तो खूष होत नाही, सावध होतो! कारण माणसाचा हात म्हणजे छापखाना नव्हे. एकाच माणसाने एकाच बैठकीत दहा सह्या केल्या, तरी दहाही थोड्या थोड्या निराळ्या उतरतात. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेषेला रेष जुळली, तर त्यांतील एक दुसरीवरून गिरवलेली असावी, असा संशय घेण्यास जागा असते.

इतिहास विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला या शास्त्राशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. आपल्याकडे या विषयाबद्दल दोनच प्रकारची मते ऐकू येतात. रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला वाटते, की तज्ज्ञाने भिंग उचलले, की गुन्हेगार सापडलाच. दुसरा पक्ष म्हणतो, की हे सारे थोतांड आहे. पैसे द्या आणि हवा तो अहवाल घ्या. माझ्या मते दोन्ही मते सारखीच आळशी आहेत. साधने खरी आहेत आणि त्यांची उत्तरेही खरी असतात. पण ती अगदी नेमक्या, लहानशा प्रश्नांची उत्तरे असतात. साधनाला कोणता प्रश्न विचारला आणि वादग्रस्त कागदाशेजारी तुलनेसाठी दुसरा कोणता कागद ठेवला, यावर एखाद्याचे उभे आयुष्य ठरते. तो प्रश्न विचारण्याचे काम यंत्राचे नव्हे, माणसाचे आहे. आणि म्हणूनच ते आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही समजले पाहिजे.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. सर्वांत जुने साधन म्हणजे भिंग, आणि त्याचा थोरला भाऊ सूक्ष्मदर्शक. लेखणी कुठे उचलली, कुठे पुन्हा टेकली, रेघ वाहती आहे की चाचपडत गेलेली आहे, हे त्यातून दिसते. दुसरे साधन तर प्रत्येकाच्या घरात असते. अंधाऱ्या खोलीत कागदालगत बॅटरी आडवी धरली, की त्या तिरक्या उजेडात खाचाखोचांच्या सावल्या पडतात. खोडरबराने घासलेली जागा, वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उमटलेला दाब, हे त्यात उघडे पडते. तिसरे साधन अतिनील किरणांचे. रसायनाने शाई धुऊन काढलेली जागा या जांभळ्या दिव्याखाली डागासारखी वेगळी दिसू शकते, आणि पांढरेपणा वाढवणारे द्रव्य घातलेला आधुनिक कागद निळसर चमकतो. चौथे साधन अवरक्त किरणांचे. डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन शाया या प्रकाशात वेगवेगळ्या वागू शकतात. एक नाहीशी होते, दुसरी तशीच राहते. समजा, एका पावतीवर कुणी १ चा ९ केला आहे. देवनागरीत त्याला काय लागते? एक लहानसा फाटा! पण तो फाटा निराळ्या शाईचा असेल, तर अवरक्त प्रकाशात ९ चा पुन्हा १ झालेला पाहायला मिळतो.

याखेरीज शाईचे घटक रंग वेगळे करून पाहण्याची क्रोमॅटोग्राफी नावाची पद्धत आहे. तिच्यासाठी कागदाचा कणभर तुकडा काढावा लागतो. म्हणून जाणता परीक्षक ती शेवटी योजतो. ज्या तपासणीने कागदाला धक्का लागत नाही, ती आधी. आणखी एक गोष्ट आपण सर्वांनीच लक्षात ठेवावी. तपासणीसाठी मूळ कागदच लागतो. झेरॉक्समध्ये अक्षराचा आकार येतो; पण दाब, शाईचा थर, लेखणीची उचल, कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हे बहुतेक सारे हरवते. जुने दस्त जपण्याच्या भरात आपण ते प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतो, फाटल्या जागी चिकटपट्ट्या लावतो. असे करताना आपण त्याच कागदाच्या साक्षीचे तोंड बंद करीत असतो.

आता अक्षराकडे येऊ. आपण सगळे लहानपणी कित्ता गिरवून लिहायला शिकलो. मराठी कित्त्यातील ल आणि श हिंदी भाषकांच्या ल आणि श हून वेगळे असतात. म्हणून एखाद्या चिठ्ठीत मराठी वळणाचा ल आहे, एवढ्यावरून फार तर लिहिणारा मराठी शाळेत शिकला असावा, असे म्हणता येईल. तो अमुकच इसम आहे, असे म्हणता येणार नाही. एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या मुलांच्या अक्षरांत कौटुंबिक म्हणावे असे साम्य राहते. परीक्षकाने शोधायची असते ती कित्त्यापासून हाताने केलेली फारकत. शिरोरेषा आधी ओढली की मागाहून, रफार कुठून सुरू झाला, वेलांटी कुठे टेकली, अनुस्वाराचा ठिपका अक्षराच्या नेमका डोक्यावर आहे की पुढे सरकला आहे, या बारीकसारीक सवयी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसतात. अशा अनेक सवयी एकत्र जुळल्या आणि न जुळणारी एकही महत्त्वाची खूण उरली नाही, तरच मत बनते. अक्षरावरून स्वभाव सांगणारे जे लोक असतात, त्यांचा या शास्त्राशी संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकते. कागदाच्या परीक्षेत लिहिणारा लोभी आहे की उदार, हा प्रश्नच नसतो.

एवढी साधने हाती असताना चूक होते कुठे? याचे उत्तर मला फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणात सापडते. १८९४ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून एक फाटलेली, निनावी यादी फ्रेंच हेरखात्याच्या हाती आली. त्यात लष्करी गुपिते पुरवल्याचा मजकूर होता. संशय कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर गेला. बँक ऑफ फ्रान्सच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने ठामपणे होकार देण्याचे नाकारले. मग कागद गेला आल्फाँस बर्तियाँ यांच्याकडे. शरीराच्या मोजमापांवरून गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीमुळे त्यांचे नाव युरोपभर झालेले. पण हस्ताक्षर हा काही त्यांचा विषय नव्हे. अक्षर ड्रायफसचेच, असे त्यांनी सांगितले. मग न जुळणाऱ्या खुणांचे काय? तर त्या ड्रायफसने मुद्दाम केल्या. त्याने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली! म्हणजे जुळले तरी तोच दोषी आणि न जुळले तरी तोच. डिसेंबर १८९४ मध्ये ड्रायफसला जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी जमावासमोर त्याची लष्करी पदचिन्हे उतरवण्यात आली आणि त्याची रवानगी डेव्हिल्स आयलंडवर झाली.

पुढे १८९६ मध्ये पिकार या अधिकाऱ्याच्या नजरेस एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे अक्षर पडले आणि ते त्या यादीशी जुळले. तरीही तीन हस्ताक्षरतज्ज्ञांनी एस्टरहाझीला मोकळे केले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना एमिल झोलाचे १३ जानेवारी १८९८ चे जाहीर पत्र ठाऊक असते. झोलाने त्यात सेनापतींबरोबर या तिघा तज्ज्ञांवरही नावानिशी आरोप केला होता, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

या प्रकरणाचा कलाटणीचा क्षण तर साध्या दिव्याचा आहे. ड्रायफसविरुद्धचा सर्वांत जोरदार पुरावा म्हणून एक पत्र दाखवले जात होते. युद्धमंत्र्यांनी ते जुलै १८९८ मध्ये संसदेत वाचूनही दाखवले. ऑगस्टमध्ये कॅप्टन क्विन्ये दिव्याच्या उजेडात ते पत्र न्याहाळत असताना त्यांच्या ध्यानात आले, की कागदावरच्या चौकटींच्या छापील रेघा सगळीकडे एका रंगाच्या नाहीत. वरचा व खालचा भाग एका कागदाचा होता आणि मधला भाग दुसऱ्याच कागदाचा! ते पत्र मेजर आँरी याने जोडून तयार केले होते. तोवर तो लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर चढला होता. त्याने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्ट १८९८ रोजी आत्महत्या केली. त्यानंतरही ड्रायफसला पूर्ण निर्दोष ठरायला १२ जुलै १९०६ उजाडावा लागला. दरम्यान १९०४ मध्ये पोअँकारे यांच्यासह तिघा गणितज्ञांनी बर्तियाँ यांची सारी आकडेमोड तपासली आणि तिला शास्त्रीय मोल नाही, असा निर्वाळा दिला.

वाचकहो, येथे दोन परीक्षक समोरासमोर उभे आहेत. एकाजवळ कीर्ती, मोजपट्ट्या आणि आकडे होते. दुसऱ्याजवळ फक्त दिवा. पहिल्याने उत्तर आधी ठरवले आणि मग कागदाकडून ते वदवून घेतले. दुसरा ड्रायफसचा कैवारी नव्हता. पण कागदावर जे दिसले, ते त्याने वरिष्ठांना सांगितले. हा फरक उपकरणांचा नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २५ एप्रिल १९८३ रोजी पश्चिम जर्मनीतील ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या गुप्त रोजनिश्या सापडल्याचा गाजावाजा केला. त्यांच्यासाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले गेले होते. साप्ताहिकाने अक्षर तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते आणि तज्ज्ञांनी ‘जुळते’ असे सांगितले होते. त्यांचे भिंग खोटे बोलले का? मुळीच नाही. अक्षर जुळतच होते! कारण तुलनेसाठी दिलेल्या ‘अस्सल’ कागदांतील काही कागद कोनराड कुयाऊ या त्याच बनावटखोराच्या हातचे होते. चोराची ओळख पटवायला चोरालाच साक्षीला बोलावले, तर दुसरे काय होणार? मग जर्मन सरकारच्या तज्ज्ञांनी कागद रसायनशाळेत नेला. त्यात युद्धानंतर वापरात आलेले पांढरेपणाचे द्रव्य सापडले, बांधणीत कृत्रिम धागे सापडले आणि ६ मे रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, सारा डोलारा कोसळला. ज्या प्रश्नाला तुलनेचा नमुना लागत नाही, तो प्रश्न विचारल्याबरोबर खरे उत्तर मिळाले.

साधन योग्य हाती पडले, तर ते निरपराधाला सोडवूही शकते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक उपकरण तयार झाले. कागदावर अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणून बसवायचा, त्याला विजेचा भार द्यायचा आणि वर काळी पूड सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या दाबांच्या जागी ती पूड बसते आणि वरच्या पानावर कधीकाळी लिहिलेला मजकूर खालच्या कोऱ्या पानावर वाचता येतो. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅममधील दोन दारूच्या गुत्त्यांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली होती. त्यासाठी सहा जणांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली. आपण जबानीची टिपणे त्याच वेळी, त्याच क्रमाने लिहिली, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. पानांवरच्या दाबखुणांनी त्या शपथेवरचा विश्वास उडवला. इतर शास्त्रीय पुरावाही कोसळला आणि मार्च १९९१ मध्ये सहाही जण सुटले. सोळा वर्षांनी! या वेळी कागदाने सरकारविरुद्ध साक्ष दिली, आणि ती ऐकून घेतली गेली.

आपल्या देशात या विद्येला शंभरावर वर्षे झाली आहेत. १९०४ मध्ये बंगाल सरकारने हार्डलेस यांना सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ नेमले आणि १९०६ मध्ये ते कार्यालय सिमल्याला गेले. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम तज्ज्ञाच्या मताला जागा देत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ती जागा आता त्याच्या ३९ व्या कलमात आहे. पण कायद्याने ‘मत’ हा शब्द वापरला आहे, ‘निकाल’ नव्हे. मगनबिहारी लाल खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत फार सावधपणे घ्यावे आणि केवळ त्यावर शिक्षा उभारणे धोक्याचे आहे. १९८० च्या मुरारीलाल खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली : दुजोरा नसला तर तज्ज्ञाचे मत फेकूनच द्यावे, असा काही नियम नाही, त्यामागची कारणे तपासावीत. मला वाटते, या दोन निकालांमध्ये शहाणपणाची सारी वाट आखलेली आहे. मताला मान द्या, पण कारणे मागा.

कारणे का मागायची, हे आकडेही सांगतात. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८६ परीक्षकांपुढे अक्षरांचे नमुने ठेवण्यात आले. वेगवेगळ्या माणसांची अक्षरे त्यांनी चुकून एकाचीच ठरवली, असे सुमारे ३.१ टक्के वेळा घडले. जुळ्या भावंडांच्या बाबतीत हे प्रमाण ८.७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे ही विद्या थोतांड नाही, आणि देववाणीही नाही. शंभरातले ते तीन जण आपल्या घरातले असू शकतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

यात आपल्या घराचा प्रश्न कसा येतो, ते सांगते. माझ्या आजीने चौथीपर्यंत शिकून हट्टाने सही शिकून घेतली. अंगठा उठवायचा नाही, हा तिचा बाणा. आता तिचा हात थरथरतो. पेन्शनच्या कागदावरची तिची सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून तिला खिडकीवरून दोनदा परत पाठवण्यात आले. तिसऱ्या वेळी कारकुनाने शाईचे पॅड पुढे केले. ती घरी येऊन काही बोलली नाही. खरे पाहता वार्धक्याचा कंप आणि बनावटखोराचा कंप यांतला फरक हा या शास्त्रातला अगदी पहिला धडा आहे. म्हाताऱ्या हाताची रेघ हलते, पण ती न थांबता पुढे जाते. तिला सही पाठ असते. नक्कल करणारा जपून जातो, मध्येच लेखणी उचलतो, रेघ पुन्हा जोडून घेतो, चुकले तर डागडुजी करतो. आजीने स्वतःची सही कधी दुरुस्त केली नाही. एक साधे भिंग आणि वीस वर्षांतल्या चार-दोन सह्या शेजारी ठेवल्या असत्या, तर तिच्या हातात शाईचे पॅड देण्याची वेळ आली नसती. खिडकीमागच्या माणसाजवळ तुलनेला एकच जुनी सही होती, आणि तेवढ्यावर त्याने निकाल दिला.

म्हणून माझे काही आग्रह आहेत. परीक्षकाला कागदाखेरीज खटल्याची हकिगत, संशयिताची जात, धर्म, पूर्वेतिहास यांतले काहीही सांगू नये. तुलनेचे नमुने कुठून आले, कोणी दिले आणि ते अस्सल कशावरून, हे अहवालात पहिल्या पानावर यावे. ‘जुळते’ वा ‘जुळत नाही’ एवढ्यावर न थांबता मोठी केलेली छायाचित्रे आणि कारणे सोबत असावीत, म्हणजे न्यायाधीश आणि आरोपीचा वकील दोघांनाही ती पाहता येतील. आणि ‘सांगता येत नाही’ असे लिहिणाऱ्या तज्ज्ञाला कोणी कमी लेखू नये. बँक ऑफ फ्रान्सच्या त्या तज्ज्ञाचे ऐकले असते, तर ड्रायफसची बारा वर्षे वाचली असती.

राहता राहिला आपल्या कॉलेजचा प्रश्न. वि. का. राजवाड्यांनी खेडोपाडी हिंडून दप्तरे गोळा केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. क्विन्ये यांनी दिव्याखाली पत्र धरले, ते वर्षही हेच. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले १९१० साली, आणि या विद्येचा पाया समजला जाणारा ऑस्बर्न यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला तोही १९१० मध्येच. मला हा नुसता योगायोग वाटत नाही. अस्सल आणि बनावट यांचा निवाडा करण्याची गरज दोन्हीकडे एकच होती. शिवकालीन पत्र समोर आले, की आपले प्राध्यापक शिक्का पाहतात, मायना पाहतात, कालगणना पाहतात. राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या म्हणून दाखवलेल्या पत्रात तो शक दिसला, तर पत्र बनावट ठरते. हिटलरच्या वहीतल्या पांढऱ्या द्रव्याचा न्याय तरी याहून निराळा काय आहे? मोडीत तर आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे टांगत. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मोडी दस्ताची परीक्षा करू नये.

मग आपल्या इतिहास आणि मराठी विभागांनी मिळून मोडीच्या वर्गाबरोबर दस्तऐवज पाहण्याचाही एक लहानसा वर्ग का चालवू नये? त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक बरे भिंग, एक बॅटरी आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला एक जांभळा दिवा, एवढ्यावर आरंभ होईल. त्यातून सगळे तज्ज्ञ होणार नाहीत. पण उद्या आपल्यातले कुणी वकील होतील, कुणी पत्रकार, कुणी तलाठी, कुणी बँकेच्या खिडकीमागे बसतील. त्यांच्यापुढे कागद येतील आणि कागदामागे माणसे उभी असतील. ‘सही जुळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी ‘कशाशी?’ एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला, तरी त्या वर्गाचे चीज झाले असे मी म्हणेन.